शाहीर साबळे: राज्यगीतामागचा आवाज आला घाटापलीकडून

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, महाबळेश्वर आणि पाचगणी मागे टाकायची आणि वाईकडे उतरायला लागायचं. घाटाच्या पायथ्याशी पसरणी गाव लागतं. महाड-पोलादपूरच्या शाळांमध्ये आज जे राज्यगीत वाजतं, ते ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ घराघरांत पोहोचवणारे शाहीर कृष्णराव साबळे याच गावचे. जन्म ३ सप्टेंबर १९२३.

शिकायला ते मामाकडे अमळनेरला गेले आणि तिथे त्यांना साने गुरुजी भेटले. शाळा सातवीच्या पुढे गेली नाही, पण गुरुजींची संगत आयुष्यभर पुरली. गाणं फक्त करमणुकीसाठी नसतं, हे तिथेच पक्कं झालं असावं.

आता पोवाडा म्हणजे काय, हे या पट्ट्याला सांगायला नको. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात, रायगड महाड तालुक्यात. पण शाहीर नेहमी वरच्या पट्टीतच का गातो?

कारण साधं आहे. उघड्या मैदानात, डफाच्या दणक्यात, माईकशिवाय शब्द शेवटच्या माणसापर्यंत न्यायचे असतात. तिकडे युरोपातल्या ऑपेरातही माईक नसतो. फिनलंडचा मार्ती ताल्वेला (१९३५-१९८९) मात्र खर्जातला गायक. हा आधी शाळामास्तर होता, उंची साडेसहा फुटांच्या आसपास. असे गायक रियाजाने आवाजात साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास जोर आणतात. तिथे वाद्यवृंद क्षीण असतो, म्हणून खोल आवाजही वाद्यांवरून पलीकडे जातो. सावोनलिन्नाच्या जुन्या किल्ल्यात भरणाऱ्या ऑपेरा महोत्सवाची धुराही त्याने १९७० च्या दशकात सांभाळली.

ऑपेराच्या गायकाला असं हक्काचं नाट्यगृह मिळतं. शाहिराला कोण देणार? साबळेंनी स्वतःचा रंगमंच उभा केला. लोकनाट्याच्या बाजाचं ‘मुक्तनाट्य’ त्यांनी लोकप्रिय केलं. ‘यमराज्यात एक रात्र’ १९६० चं. ‘आंधळं दळतंय’ने तर मुंबईतल्या मराठी माणसाच्या परवडीवरच बोट ठेवलं. पत्नी भानुमती यांची गाणी त्यांच्या आवाजात गाजली.

‘गर्जा महाराष्ट्र’ही १९६० चंच, राज्याच्या स्थापनेच्या वेळचं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ आली आणि वासुदेव, गोंधळ, कोळीगीतं शहरी प्रेक्षकांसमोर गेली. भरत जाधव आणि अंकुश चौधरी याच लोकधारेतून घडले. पुढे १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली.

२० मार्च २०१५ ला शाहीर गेले. गीताला राज्यगीताचा दर्जा मिळाला तो १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तीनपैकी दोनच कडवी अधिकृत ठरली, वेळ १ मिनिट ४१ सेकंद. त्याच वर्षी नातू केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ सिनेमा आला. त्यात आजोबांची भूमिका केली ती लोकधारेतल्याच अंकुश चौधरीने.