चौकाभोवतीचे घर : चिनी गृहरचना आणि तिचे संकेत

एखाद्या समाजात कोणाला कोणते स्थान होते, हे त्याच्या ग्रंथांतून कळते, तसेच त्याच्या घरांतूनही कळते. मानाची खोली कोणाची, पाहुण्याला कोठपर्यंत प्रवेश, स्त्रियांचा वावर कोठे संपतो, हे सारे घराच्या आराखड्यातच लिहिलेले असते. या दृष्टीने चीनमधील पारंपरिक घर अभ्यासण्याजोगे आहे. त्याची रचना आणि त्यामागील संकेत आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

बीजिंगमधील जुन्या घराला ‘सिहेयुआन’ म्हणतात. ‘सि’ म्हणजे चार, ‘हे’ म्हणजे वेढलेले आणि ‘युआन’ म्हणजे अंगण. आपल्याकडील चौकाचा वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल; मात्र येथे चौकाच्या चार बाजूंच्या इमारती बहुधा एकमजली आणि एकमेकींपासून सुट्या असतात. ही पद्धत फार प्राचीन आहे. शान्शी प्रांतातील फेंगचू येथे उत्खननात सुमारे 3,000 वर्षांपूर्वीच्या चौकाच्या वास्तूचे अवशेष सापडले आहेत.

घराचे मुख्य दार बहुधा आग्नेय कोपऱ्यात असते. आत शिरताच समोर एक आडवी भिंत लागते. भुतेखेते सरळ रेषेत चालतात, म्हणून ती अडतात, अशी लोकसमजूत होती. रस्त्यावरच्या नजरेपासून घर झाकण्याचे कामही तीच भिंत करते. पुढे नक्षीदार दुसरे दार आणि त्यापलीकडे मुख्य चौक. उत्तरेकडील दक्षिणाभिमुख घर सर्वांत मानाचे. तेथे घरातील वडीलधारी माणसे राहत आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्या पूजल्या जात. पूर्वेकडील घर थोरल्या मुलाचे, पश्चिमेकडील धाकट्याचे. दक्षिणेकडील घराचे तोंड उत्तरेला, म्हणून त्याला ‘उलटे बसलेले घर’ असे नाव पडले. ते नोकरांसाठी व बाहेरच्या पाहुण्यांसाठी असे.

या मांडणीला निसर्गाचा आधार आहे. बीजिंगचा हिवाळा कडक. थंड वारे उत्तरेकडून येतात आणि ऊन दक्षिणेकडून मिळते. साहजिकच दक्षिणाभिमुख घर सर्वांत उबदार. ते वडीलधाऱ्यांना देण्यात आदर होता, हे खरे. परंतु सोयीच्या या गोष्टीचे पुढे दर्जात रूपांतर झाले. घराची लहानसहान चिन्हेही अर्थाने भरलेली होती. वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’, म्हणून दारांवर वटवाघळे कोरली जात. अंगणात बहुसंततीचे प्रतीक म्हणून डाळिंब लावत; तुती मात्र टाळत, कारण तिच्या नावाचा ध्वनी शोकवाचक शब्दाशी जुळतो.

या सुबक व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संपन्न घरांतील स्त्रियांनी दुसऱ्या दाराबाहेर पाऊल टाकू नये, असा दंडक होता. घरातील दर्जा जसा जागेने ठरे, तसा समाजातील दर्जा घराच्या आकाराने ठरवला जाई. मिंग राजवटीने 1393 साली नियम केला की, सामान्य प्रजेने तीन खणांहून मोठे घर बांधू नये आणि त्यावर रंगीत नक्षी करू नये. पैसा असला तरी परवानगी नव्हती. जागेवरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु चीनमध्येच या चौकाने वेगळे अर्थही धारण केले. उत्तर वेई राजवटीची राजधानी लुओयांग येथे अनेक उमरावी वाडे विहारांसाठी दिले गेले. जिआनझोंग विहार हा मुळात ल्यू थेंग या बलाढ्य दरबारी अधिकाऱ्याचा वाडा. 531 साली त्याचा विहार झाला, तेव्हा पुढचे दालन बुद्धमूर्तीसाठी आणि मागचे दालन धर्मप्रवचनासाठी योजले गेले. वास्तू तीच राहिली. तिचा उपयोग बदलला.

दुसरे उदाहरण आग्नेय चीनमधील फूजिआन प्रांताचे. तेथील ‘थुलोऊ’, म्हणजे मातीच्या प्रचंड, बहुमजली, गोल किंवा चौकोनी वास्तू, प्रामुख्याने हक्का लोकांच्या आहेत. अशा 46 वास्तूंचा 2008 साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. एकेका वास्तूत 800 पर्यंत माणसे राहू शकत. तळमजल्यावर स्वयंपाकघर, त्यावर धान्यकोठार, त्यावर झोपण्याच्या खोल्या, असा उभा वाटा प्रत्येक कुटुंबाला मिळे आणि खोल्या साधारण सारख्याच मापाच्या असत. तेथेही वडीलधाऱ्यांचा मान होता, पूर्वजांचे दालन होते. पण त्यासाठी कोणाला मोठी आणि कोणाला छोटी खोली द्यावी लागली नाही.

आज आपल्यातील अनेक कुटुंबे स्वतःचे घर बांधत आहेत. आराखडा करताना दिशांचा विचार जरूर व्हावा, तो ऊन आणि वारा यांसाठी. पण घरातील उजेडाची खोली कोणाला मिळते आणि मुलीच्या अभ्यासाचे टेबल कोठे ठेवले जाते, हेही तितक्याच काळजीने ठरवावे, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे. दिशांना उच्चनीचतेचा अर्थ माणसांनी दिला. तो काढून घेणेही माणसांच्याच हाती आहे.