पोरांची कुस्ती : पट, टांग आणि पडणे

गुढीपाडवा उलटला की आमच्याकडे जत्रा सुरू होतात, आणि फडात पहिल्या कुस्त्या लागतात त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर. बघणारे टाळ्या वाजवितात; पोराला कोणी काय शिकविले आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. दुखावलेली मान रेवड्यांनी भरून येत नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आरंभ डावाने नव्हे, पवित्र्याने होतो. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर वर, भार चवड्यांवर. टाचा टेकून उभा राहिलेला गडी अर्धा पडलेलाच समजावा.

पहिला डाव पटाचा. प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी. येथे पोरे हमखास चुकतात. कमरेतून वाकतात आणि डोके खाली घालतात. जाणता माथाडी पोते उचलताना कमरेत वाकत नाही. गुडघ्यांत बसतो आणि ओझे अंगाशी घेतो. पटातही तेच. खाली बसून आत शिरावे, धरलेला पाय छातीशी आवळावा, डोके वर ठेवून कानशील त्याच्या बरगडीला भिडवावे. डोके खाली गेले की वरच्याचा सारा भार मानेवर येतो. उलट, ज्याच्यावर पट आला त्याने दोन्ही पाय झटकन मागे टाकून कमरेचा भार त्याच्या पाठीवर सोडावा. हा बचाव पटाच्याही आधी शिकवावा असे आमचे मत आहे; काही वस्तादांना ते पटणार नाही.

टांग म्हणजे पायात पाय अडकवून तोल घालविणे. तीत ताकदीपेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. ज्या पायावर भार येत असेल तोच अडवावा.

लोकांना आवडते धोबीपछाड. हात धरून गडी पाठीवर घ्यावयाचा आणि धोबी कपडा आपटतो तसा समोर आपटावयाचा. परंतु ज्याला पडता येत नाही त्याच्यावर हा डाव करू देऊ नये. पडताना हनुवटी छातीशी हवी. हात ताठ करून जमिनीवर टेकणे म्हणजे मनगट किंवा कोपर गमावणे.

मातीत पाठ लागली की निकाल लागतो. गादीवर दोन्ही खांदे टेकवावे लागतात, आणि पाडून ताबा घेतल्यास 2 गुण मिळतात. हात न घेता नुसती मान आवळणे तेथे निषिद्ध आहे, आणि हा नियम मातीतही यावा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले, तेही लोकांनी वर्गणी काढून पाठविल्यावर. त्यांची घडण मातीतलीच होती.

आमच्या वस्तीत तूर्त पाऊण तास पडणे व बचाव, आणि मग पाव तास पट, असा क्रम ठेवला आहे. पोरे कुरकुरतात.