बॉन विद्यापीठाच्या दप्तरातील नावे

दर १४ एप्रिलला आमच्या वस्तीत फलक लागतो. त्यावर बाबासाहेबांच्या पदव्या ओळीने रंगवलेल्या असतात आणि लहान मुले त्या पाठ म्हणून दाखवतात. कोलंबिया आणि लंडन ही नावे तर आमच्या निरक्षर म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहेत. पण चरित्रात आणखी एका गावाचे नाव एखाद्या ओळीत येते आणि वाचणारा पुढे सरकतो. ते गाव म्हणजे जर्मनीतील बॉन. तिथली पदवी बाबासाहेबांनी घेतली नाही, म्हणून फलकावर त्या गावाला जागा नाही.

आम्ही पेशाने कारकून. अर्धे आयुष्य हजेरीपट आणि आवक-जावक लिहिण्यात गेले. पटावर चढलेले आणि पुढे कमी झालेले नाव दिसले की ते का कमी झाले, हे विचारल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून ज्या विद्यापीठाच्या पटावर बाबासाहेबांचे नाव काही महिने होते, त्याची माहिती आमच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

बॉन हे ऱ्हाइन नदीच्या काठचे शहर. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८ ऑक्टोबर १८१८ रोजी तिथे विद्यापीठ स्थापन केले. इमारत नवी बांधली नाही. कोलोनचे आर्चबिशप हे पूर्वी धर्मगुरूही होते आणि राज्यकर्तेही. त्यांचा भला मोठा राजवाडा रिकामा पडला होता, तो विद्यापीठाला मिळाला. राजवाड्यापुढचे हिरवेगार मैदान आजही आहे. त्याला होफगार्टन म्हणतात. राजेलोकांच्या बागेत आज विद्यार्थी डबा उघडून बसतात. पहिल्या दिवसापासून तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांचे धर्मशास्त्र एकाच छपराखाली शिकवले जात होते. दोन पंथांत शतकभर रक्त सांडलेल्या देशात ही साधी गोष्ट नव्हती.

स्थापनेच्याच वर्षी ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल हे तिथे प्राध्यापक झाले. संस्कृत विद्येचे जर्मनीतील पहिले अध्यासन त्यांचे. त्यांनी देवनागरीचे खिळे पाडून घेतले आणि १८२३ मध्ये बॉनमध्ये भगवद्‌गीता लॅटिन भाषांतरासह छापली. त्यांचा शिष्य ख्रिस्तियन लासेन, मूळचा नॉर्वेचा. या लासेनने फ्रान्सच्या बुर्नुफबरोबर १८२६ मध्ये पाली भाषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा युरोपात पाली जाणणारे बोटावर मोजण्याइतके होते. लासेन पुढे बॉनलाच प्राध्यापक झाला. ज्या भाषेत आज आपण वंदना म्हणतो, तिचे व्याकरण ऱ्हाइनकाठी टेबलावर मांडून तपासले जात होते.

इथे आमच्या मनात दुसरे चित्र येते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव नावाच्या मुलाला संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्याला पर्शियन घ्यावे लागले. ज्या भाषेपासून तिच्याच देशातल्या मुलाला दूर ठेवले, ती बॉनमध्ये एका नॉर्वेजियनाला खुशाल शिकता येत होती.

म्हणून बॉन म्हणजे समतेचे माहेरघर, असे मात्र कोणी समजू नये. हाइनरिश हाइने हा थोर जर्मन कवी १८१९ मध्ये तिथे शिकायला आला. तो जन्माने ज्यू. शिकायला आडकाठी नव्हती, पण शिकून सरकारी नोकरी मिळायची नाही. अखेर १८२५ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. स्त्रियांना तर रीतसर प्रवेश १९०८ मध्ये मिळाला. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. मधला हिशेब वाचकांनीच करावा.

एक गमतीची गोष्ट. १८३५ मध्ये ट्रियर गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा कायदा शिकायला बॉनला आला. अभ्यास कमी आणि रात्री दारू पिऊन गोंधळ जास्त. विद्यापीठाची स्वतःची कोठडी होती, तिथे त्याला एक दिवस बसवले. वर्षभरात बापाने त्याला उचलून बर्लिनला टाकले. तो मुलगा म्हणजे कार्ल मार्क्स! ज्या बाबासाहेबांनी पुढे बुद्ध की कार्ल मार्क्स हा प्रश्न मांडला, त्यांचे आणि मार्क्सचे नाव एकाच विद्यापीठाच्या दप्तरात आहे.

आता १९२२ सालाकडे येऊ. बाबासाहेब लंडनला होते. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, यावर त्यांचे शिक्षण चालले होते. जर्मन भाषा ते शिकले होते. प्रवेशासाठी जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने लिहिलेले त्यांचे निवेदन जपून ठेवलेले आहे. २९ एप्रिल १९२२ रोजी अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव बॉनच्या पटावर चढले. त्यानंतर सातच दिवसांनी, ६ मे रोजी, मुंबईत शाहू महाराज गेले.

जर्मनी तेव्हा महायुद्ध हरलेला देश. बॉनमध्ये फ्रेंच सैन्याचा तळ होता आणि मार्क या चलनाची किंमत उतरत चालली होती. वाणिज्य शाखेचे पदवीधर म्हणून हा भाग आम्हाला फार लक्षात राहतो. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले. लोकांची जन्माची पुंजी पावाच्या तुकड्याला पुरेना. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा माणूस, चलन कोसळते म्हणजे काय होते हे जिथे उघड्या डोळ्यांनी दिसले असते, त्या देशात शिकायला निघाला होता.

पण लंडनचे काम संपलेले नव्हते. १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली, प्रबंध सादर झाला. परीक्षकांनी त्यात फेरबदल मागितले. पैसे संपत आले होते, मुंबईत रमाई हालात दिवस काढत होत्या. बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलात परतले आणि प्रबंधाची दुरुस्ती इथूनच करून पाठवली. बॉनमध्ये व्याख्यानांना हजेरी लागली नाही, म्हणून पटावरचे नाव कमी झाले. एवढाच शेरा. त्या शेऱ्यामागचे कर्ज, घर आणि उपास दप्तरात लिहायची पद्धत कुठल्याच देशात नाही.

त्याच काळात बॉनमध्ये फेलिक्स हाउसडॉर्फ हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव जगभर गणित शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटते. हेही ज्यू. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि याच विद्यापीठाने माणसे गाळायला सुरुवात केली. गणितज्ञ ओटो टोप्लिट्झ यांना काढले. कार्ल बार्थ या ख्रिस्ती धर्मपंडिताने हिटलरच्या निष्ठेची शपथ बिनशर्त घ्यायला नकार दिला, त्यांची नोकरी गेली. कादंबरीकार थॉमस मान यांना १९१९ मध्ये दिलेली मानद डॉक्टरेट १९३६ मध्ये परत घेतली. सन्मानाच्या यादीतून आपले नाव काढल्याचे त्यांना पत्राने कळवण्यात आले. ते पत्र कोणा कारकुनाने टाइप केले असेल, जावक क्रमांक घातला असेल. हे वाचताना आमचा हात थबकला.

नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंची दुकाने फोडली गेली. पौर्वात्य विद्येचे प्राध्यापक पाउल काले यांच्या पत्नी मारी आणि त्यांची मुले एका ज्यू बाईच्या दुकानातला पसारा आवरायला गेली. वर्तमानपत्रात झोड उठली, विद्यापीठाने त्यांच्या विद्यार्थी मुलावर कारवाई केली आणि १९३९ मध्ये या कुटुंबाला इंग्लंडला पळावे लागले. हाउसडॉर्फ मागेच राहिले. जानेवारी १९४२ मध्ये ज्यूंच्या छावणीत हलण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी, पत्नीने आणि मेहुणीने विष घेऊन जीवन संपवले. विद्यापीठाचा राजवाडा १८ ऑक्टोबर १९४४ च्या बाँबहल्ल्यात जळाला. स्थापनेचाच तो दिवस! पुढे इमारत पुन्हा उभी राहिली, १९४६ मध्ये मान यांची डॉक्टरेट परत दिली गेली, आणि बॉनच्या आजच्या नावाजलेल्या गणित केंद्राला हाउसडॉर्फ यांचे नाव आहे.

आज तिथे तीस हजारांवर विद्यार्थी शिकतात. १९८९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल वोल्फगांग पाउल यांना आणि १९९४ चे अर्थशास्त्राचे राइनहार्ड झेल्टेन यांना मिळाले, दोघेही बॉनचे प्राध्यापक. तिथल्या काही रीती ऐकण्यासारख्या आहेत. वेळापत्रकात दहा लिहिले असेल तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. व्याख्यान आवडले की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात.

आता पैशाची गोष्ट, कारण आमच्या घरांत ती आधी विचारली जाते. हे सरकारी विद्यापीठ आहे. त्या राज्याने २००६ पासून सत्राला पाचशे युरोपर्यंत फी घेऊ दिली होती. विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि २०११ मध्ये ती रद्द झाली. आता सत्राला तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरावी लागते, तीत बस-रेल्वेचा पासही येतो. हे परदेशी मुलांनाही लागू आहे. सगळीकडे असे नाही. दक्षिणेच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून आपल्या मुलांना सत्राला दीड हजार युरो पडतात. तिथल्या गरीब घरच्या मुलांसाठी १९७१ चा कायदा आहे. त्यात निम्मी रक्कम मदत आणि निम्मी बिनव्याजी कर्ज मिळते. तरी कामगारांची मुले विद्यापीठात कमीच पोहोचतात. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच कोणत्या शाळेत कोण जाणार हे ठरते, आणि दहा वर्षांच्या पोराची लायकी ठरवताना बापाचे शिक्षण नकळत मोजले जाते. फी माफ झाली म्हणजे दार पूर्ण उघडले असे नाही.

आपल्या मुलांपुढे वेगळी भिंत आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये, आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखलाही लागतो. नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश नाही. पदवीनंतर गेलेले बरे, आणि पदवीचे बहुतेक वर्ग जर्मन भाषेतच असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

आमची पुतणी अर्थशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील गिरणीतून उठले ते वॉचमन झाले. तिने जर्मनचा वर्ग लावला आहे. पहिल्या महिन्यात बाईंनी त्यांना स्वतःचा परिचय दहा ओळींत लिहायला सांगितला होता. कागद आम्हाला दाखवायला आणला, आम्हाला त्यातले नाव आणि गाव तेवढे वाचता आले.