हवालदार परवडला

लोकअदालतीच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात ई-चलनवाल्यांची रांग पार फाटकापर्यंत जाते. रिक्षावाले, छोटा हत्ती चालवणारे, डिलिव्हरीची बॅग पाठीवरून न उतरवलेली पोरं. मोठ्या गाड्यांचे मालक क्वचितच. त्यांनी मोबाइलवरूनच भरून टाकलेलं असतं. इथला प्रत्येकजण दिवसाचा धंदा बुडवून उभा आहे. तो दंड पावतीवर येत नाही.

टेबलावर गाडीचा नंबर विचारतात, मग चासीचे शेवटचे चार आकडे. माझ्यापुढच्या टेम्पोवाल्याची यादी उघडली ती खाली सरकतच राहिली. बहुतेक नो पार्किंग. बाजारात माल उतरवताना निघालेले फोटो. माल उतरवायला जागा कुठे आहे, हे फोटोत येत नाही. "मला तर एकही मेसेज नाही," तो म्हणाला. टेम्पो सेकंडहँड, आणि नोंदीत मोबाइल नंबर आधीच्या मालकाचा.

"साहेब, हवालदार परवडला. शिव्या द्यायचा, पण तिथल्या तिथं कळायचं तरी."

हवालदाराची तोडपाणी कुणाला हवीय? कॅमेरा चिरीमिरी मागत नाही, आमदाराच्या भाच्याला ओळखत नाही. हे त्याचं मोठंच पुण्य. पण मोटार वाहन कायद्याचं १७७ वं कलम बघा. पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलंत तर १५०० पर्यंत. ही तिप्पट एकदा सांगून न ऐकणाऱ्यासाठी. इथे पहिलं सांगणंच भलत्याच्या फोनवर गेलंय. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. पाठवली की पोचली, असा हिशेब.

रक्कम तर सगळ्यांना सारखीच. फिनलंडमध्ये जास्त वेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या ऑलंड बेटांवर ५० च्या रस्त्यावर ८२ ने गेलेल्या एका उद्योगपतीला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. आपल्याकडे १५०० रुपये एकाचं हॉटेलातलं जेवण, दुसऱ्याची दोन दिवसांची कमाई.

टेम्पोवाल्याची तडजोड झाली, रक्कम उतरली. पैसे मोजून झाल्यावर त्याने मोबाइल नंबर बदलून मागितला.

"ते इथं नाही. आरटीओत जा," टेबलामागून उत्तर आलं, आणि पुढच्या गाडीचा नंबर विचारला गेला.