डेम्लो स्टेशनवरच्या संख्या

जोगेश्वरीहून डोंबिवलीला निघालात तर दादरला गाडी बदलून मध्य रेल्वे धरावी लागते. ही मध्य रेल्वे पूर्वी जी. आय. पी. रेल्वे म्हणून ओळखली जाई. त्या काळच्या मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर द. रा. कापरेकर यांना काही संख्यांचा अभ्यास करावा असे सुचले. म्हणून त्यांनी त्यांना 'डेम्लो संख्या' हेच नाव दिले! कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. ६१७४ या अंकाची त्यांची करामत तुम्हाला ठाऊक असेलच. इथे आपण त्यांच्या डेम्लो संख्यांपैकी सर्वांत देखण्या घेऊ.

११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असे चढत गेल्यास नऊ एकांच्या संख्येचा वर्ग येतो :

१२३४५६७८९८७६५४३२१

असे का होते? १११ × १११ हा गुणाकार पाटीवर मांडून पाहा. १११ ही संख्या तीनदा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. उभ्या रांगांत १, २, ३, २, १ इतके एक येतात. नऊ एकांच्या वेळी मधल्या रांगेत नऊ एक येतात, म्हणजे हातचा अजून लागत नाही. अंकांची बेरीजही सुबक : ८१, म्हणजे ९ चा वर्ग.

ही सतरा अंकी संख्या मूळ नाही हे उघडच आहे, ती वर्गसंख्या आहे. पण तिचे अवयव कोणते? १२३४५६७९ ला (यात ८ नाही, नीट पाहा) ९ ने गुणले की १११११११११ मिळतात. आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७. तेव्हा आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

पण थांबा. ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? तिचे वर्गमूळ ५७७ हून किंचित जास्त. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागून पाहणे कंटाळवाणे. इथे आवर्ती दशांश कामी येतात. २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या प घ्या. १/प च्या आवर्ती भागातील अंकांची संख्या प–१ ला नेहमी भागते. ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव ९९९९९९९९९ लाही भागणार, म्हणून त्याचा आवर्ती भाग १, ३ किंवा ९ अंकांचा असणार. एक अंकाचा फक्त ३ चा, तीन अंकांचा फक्त ३७ चा. आणि या दोहोंनी ३३३६६७ ला भाग जात नाही. उरला ९. म्हणजे प–१ ला ९ ने भाग जातो आणि प विषम असल्याने १८ नेही. आता १९, ७३, १०९, १२७ अशा ५७७ पर्यंतच्या अवघ्या सोळा मूळ संख्या तपासायच्या. एका तासिकेचे काम! एकीनेही भाग जात नाही.

आता दहा एक घ्या. नियम असाच चालेल असे वाटते ना? वर्ग येतो :

१२३४५६७९००९८७६५४३२१

मधल्या रांगेत दहा एक आले, हातचा गेला. शेजारच्या ९ चे १० झाले, पुन्हा हातचा. पुढच्या ८ चे ९. नऊ वेळा खरी ठरलेली रचना दहाव्यांदा मोडली. अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ भरते. १८ कुठे गेले? हातच्याला दहा जाऊन एकच पुढे येतो, म्हणजे दर हातच्याला बेरीज ९ ने घटते, आणि इथे हातचे दोन आहेत.

अकरा एकांचा वर्ग स्वतः मांडा आणि हातचे मोजा. ते चार असतील, आणि बेरीज १२१ ऐवजी ८५ आली पाहिजे.