हॉपच्या पिशवीत गोट्या कशाला?

हॉप बिअरमध्ये आपणहून बुडत नाही. जाळीच्या पिशवीत भरून फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या बादलीत, सोडला की पिशवी वर येते, अर्धी ओली, अर्धी कोरडी. बिअरमधून सुटणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तिच्यात अडकतात आणि तिला आणखीच वर धरून ठेवतात. जो भाग वर राहिला त्याचा वास बिअरला लागत नाही. तेवढे पैसे वाया. म्हणून घरी बिअर करणारे हॉपसोबत पिशवीत काचेच्या गोट्या किंवा स्टेनलेस स्टीलचे नट टाकतात.

आंबवण संपत आल्यावर, न उकळता घातलेल्या या हॉपला ‘ड्राय हॉप’ म्हणतात. हॉप म्हणजे भांगेच्या कुळातल्या एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. खवल्यांच्या बुडाशी ल्युप्युलिनची पिवळी पूड असते आणि हॉपची सगळी किंमत त्या पुडीत. तिच्यातली अल्फा आम्लं तासभर उकळली की बिअरला कडवटपणा येतो. पण त्याच पुडीतली सुगंधी तेलं तेवढ्या वेळात वाफेबरोबर निघून जातात. चहात आलं उकळतो आणि वेलची मात्र शेवटी घालतो, त्यातलाच हा प्रकार. इंग्लंडमधले बिअरवाले पिंपं भरतानाच त्यांत मूठभर हॉप टाकत. मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजानं येणाऱ्या पेल एलच्या पिंपांतही तो असे.

मी हे करतो ते अमेरिकेत, ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळच्या घराच्या गॅरेजात. इथं ते कायदेशीर आहे. जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेल्या कायद्यानं घरच्यापुरत्या बिअरवरचा केंद्रीय कर उठला. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 750 लिटरची मुभा आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे वाचून कुणी बादली काढू नये. शिवाय ओरेगन हा हॉपचाच मुलूख. इथल्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेली कॅस्केड ही जात 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीनं 1975 च्या लिबर्टी एलमध्ये ती वापरली आणि अमेरिकन बिअरला ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा तो ओळखीचा वास मिळाला.

हॉप कधी घालायचा हे बिअरची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. काचेची ती नळी बिअरमध्ये तरंगत 1.012 वर येऊन दोन-तीन दिवस तिथंच थांबली, की यीस्टनं आपलं काम उरकलं असं समजायचं. मग तापमान थोडं उतरवायचं, म्हणजे यीस्ट तळाला बसतं. यीस्ट तरंगत असताना हॉप घातला तर तेलं त्याच्या पेशींना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर गाळात जातात.

पिशवीची तयारी गॅसवर होते. नायलॉनची बारीक जाळी हवी, कारण हल्ली हॉप दाबलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतो आणि त्या भिजल्या की त्यांचा भुगा होतो. पिशवी आणि गोट्या दहा-पंधरा मिनिटं उकळायच्या. हॉपमधून संसर्गाची भीती फारशी नसते. तो स्वतःच जंतूंना आवरतो, आणि बिअरमध्ये अल्कोहोल नि आंबटपणा असतोच. धोका पिशवीचा, दोरीचा आणि हातांचा. वजनासाठी गॅरेजात पडलेला कुठलाही नट चालत नाही. बिअर आंबट असते. साध्या लोखंडाची तिच्यात चव उतरते, जस्ताचा मुलामा विरघळतो. साध्या काचेच्या गोट्या नाहीतर स्टेनलेस, बाकी काही नको. दोरी म्हणून दात साफ करायचा बिनवासाचा धागा उत्तम. झाकणाच्या रबरी कड्याखालून तो इतका चपटा जातो की हवा शिरत नाही.

गोळ्यांचं पाकीट फोडलं की गॅरेज भरून जातं: आधी कापलेल्या गवताचा वास, मागून ग्रेपफ्रूटच्या सालीचा, त्याच्याही मागे राळेचा चिकट वास. बोटांना पिवळसर थर बसतो आणि साबणानं सहजी जात नाही. 19 लिटरला मी 80 ग्रॅमच्या आसपास घालतो. ओरेगन स्टेट विद्यापीठात कॅस्केडवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की लिटरला 8 ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही. उलट फळांचा वास मागे पडून पाल्याचा, चहाच्या पत्तीचा वास पुढे येतो.

भरताना पिशवी निम्म्याहून जास्त रिकामी ठेवायची, कारण भिजल्यावर हॉप कितीतरी पट फुगतो. तोंडाला गाठ मारून खाली गोट्या हलवून घ्यायच्या आणि पिशवी हळूहळू सोडायची. घाई केली तर बिअरमध्ये मुरलेला वायू त्या खडबडीत गोळ्यांवर एकदम सुटतो आणि फेस बादलीबाहेर येतो. काठाशी धरून ठेवली तर आधी बारीक बुडबुड्यांची सरसर ऐकू येते, मग पिशवीचा रंग गडद होतो, ती तिरकी होते आणि गोट्यांच्या बाजूनं खाली जाते. झाकण लगेच लावायचं. मुरत्या हॉपला हवेतला ऑक्सिजन लागला की वास मरतो. काहीजण झाकण उघडायचंच टाळतात. पिशवीत आच्छादित चुंबक ठेवतात, बाहेरून दुसऱ्या चुंबकानं ती बिअरच्या वर धरून ठेवतात आणि वेळ आली की बाहेरचं चुंबक काढून घेतात.

तेलं उतरायला दिवस-दोन दिवस पुरतात. पिशवी आठवडाभर ठेवली तर पाल्याची चव येते. पण पिशवी काढली म्हणून लगेच बाटल्या भरायच्या नाहीत. हॉपमध्ये पिष्टाचे उरलेले तुकडे फोडणारी विकरं असतात. त्यातून साखर सुटते आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी 1893 मध्येच हे नोंदवलं होतं. आजचे बिअरवाले त्याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. घाईनं बंद केलेल्या बाटल्या यामुळे फुटू शकतात, किंवा बिअरला लोण्याचा वास येतो. म्हणून हायड्रोमीटर पुन्हा बुडवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

पिशवी आत जाते सडपातळ आणि बाहेर येते मुठीएवढी टणक. अरुंद तोंडाच्या काचेच्या कार्बॉयमधून ती निघतच नाही. रुंद तोंडाची बादली किंवा केग घ्यावा तो यासाठी. तिनं पाव-अर्धा लिटर बिअर पिऊन टाकलेली असते, ती पिळून काढायचा मोह आवरावा. पिळलं की तुरट गाळ उतरतो आणि हवाही मिसळते. मी ती तशीच ताटलीत ठेवतो आणि सुरीनं मधोमध कापतो. कडेला हिरवा चिखल असतोच. बघायचं ते गाभ्यात. तिथंही तसाच ओला चिखल असेल तर काम झालं. पिशवी ठासून भरली असेल तर आत फिकट, जवळजवळ कोरडी गाठ सापडते. दाबलेल्या गोळ्यांचे आकारसुद्धा ओळखू येतात. पिशवी तळाशी गेलेली असते, गोट्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं, तरी बिअर मधपर्यंत पोचलेलीच नसते.

म्हणून नवख्यानं अजून किती गोट्या टाकू असं विचारलं, की मी त्याला दुसरी पिशवी घ्यायला सांगतो. मोकळा हॉप नुसता ओतला तर वास आणखी चांगला उतरतो हे खरं, पण मग तो हवा तेव्हा काढता येत नाही आणि बाटल्यांत भुगा उतरतो. पिशवीनं तो ताबा मिळतो. त्याची किंमत म्हणून जाळीत भरपूर रिकामी जागा सोडावी लागते. एवढं करूनही हा वास फार टिकत नाही. बाटल्या तपकिरी काचेच्या असाव्यात, थंड जागी ठेवाव्यात आणि महिना-दोन महिन्यांत संपवाव्यात. अशी बिअर जपून ठेवणाऱ्याच्या वाट्याला शेवटी नुसता कडवटपणा येतो.