बंदरातील लाल निशाण

उज्जैनजवळच्या आमच्या भैरवगढास समुद्र नाही. आहे ती क्षिप्रा. मग येथील शाळामास्तराने बंदरांविषयी काय बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु येथील छिपा कारागीर मेणाने नक्षी काढून कापड रंगवितात. मेण वितळविण्यास विस्तव हवाच. तथापि कोरड्या कापडाची चळत कोणी चुलीशेजारी ठेवीत नाही. कारखान्यातील पोरासही कळणारी ही गोष्ट एका मोठ्या बंदरात दृष्टीआड झाली, त्याची ही हकीकत.

दि. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. शिवाय कराचीस चढविलेले कापसाचे गठ्ठे होते. काही स्फोटके व कापूस तर एकाच तळघरात! असा माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावावयाचे, हा संकेत. ते लावलेले नव्हते. १४ तारखेस दुपारी कापूस पेटला. जहाज बाहेर न्यावे की तेथेच बुडवावे, याविषयी अधिकाऱ्यांत एकमत होईना. अखेरचा शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. मृतांचा अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत केला जातो. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

बंदराच्या कारभारात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अपघात टाळणे ही सुरक्षितता. चोरी व घातपात रोखणे हे संरक्षण. आणि प्रत्येक काम प्रत्येक वेळी ठरल्या रीतीनेच करणे, ही गुणवत्ता. पहिल्या दोहोंचा पाया ही तिसरीच होय.

आज धोकादायक मालाचे नऊ वर्ग ठरलेले आहेत. ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके, आम्ले यांवर ठराविक चिन्हे लावावी लागतात व कोणता माल कोणापासून किती दूर ठेवावा, याचे नियम आहेत. जुलै २००४ पासून जहाजे व बंदरे यांच्या संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे वजन पडताळल्याखेरीज तो जहाजावर चढविता येत नाही. कारण खोट्या वजनाने जहाजावरील रास ढासळते.

पण न्हावा-शेव्यासारख्या बंदरात प्रत्येक पेटी उघडून पाहणे अशक्य असते. तेथील माणूस विश्वास ठेवतो तो कागदावर. कागदच खोटा असेल, तर कुंपण, पहारेकरी व बंब काय करणार? आणि कागद खरा असूनही कोणी हालचाल केली नाही तर? बैरूतच्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट सुमारे सहा वर्षे पडून होते. त्याविषयी इशारे दिले गेले होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या दिवशी ६६ जवानांस वंदन करावेच; पण एक गोष्ट ध्यानी धरावी. बंदर शेकडो कोस दूर असले, तरी त्याची सुरक्षितता तेथे सुरू होत नाही. ती सुरू होते माल बांधणाऱ्याच्या अंगणात, त्याने चिठ्ठीवर लिहिलेल्या पहिल्या खऱ्या शब्दापासून.